बाहेरगावचा बोका

मांजराचा पंजा चार बोटं रुंद ओरखडा काढू शकत नाही, ही गोष्ट तिच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती.

ओरखडा गाडीच्या डाव्या बाजूला होता. मागच्या चाकाच्या वरून निघून तो थेट पुढच्या दाराच्या मुठीपर्यंत आला होता. त्यात पिवळी पूड बसली होती. फाटकाच्या खांबाला दिलेला रंगही पिवळाच होता, आणि खांबावर बरोबर त्याच उंचीला गाडीचा निळा रंग लागला होता. सकाळी दूध आणायला जाताना तिने ते पाहिलं. भाजी घेताना पुन्हा पाहिलं. दुपारी बाहेर काहीच काम नव्हतं, तरी जाऊन पाहिलं.

"बोका आहे," नवरा म्हणाला होता. "दांडगा दिसतो."

शनिवारी लेक येणार होती, बरोबर चार वर्षांची नात. त्यांना आणायला आपण स्वतः गाडी घेऊन बसस्टँडवर जाणार, असं त्याने आठ दिवस आधीच जाहीर केलं होतं. स्टँडवरून घरी यायचं तर रस्ता बाजारातून आणि मग शाळेवरून जातो. तिथली पोरं फुटपाथवरून कधी खाली उतरतील त्याचा नेम नाही. उतरतात ती डावीकडूनच. तिला याहून पुढचा विचार करायचा नव्हता, आणि दिवसभर ती याहून पुढचाच विचार करत होती.

नवरा बसड्रायव्हर होता. निवृत्त झाला तेव्हा डेपोत छोटा समारंभ झाला आणि साहेब भाषणात म्हणाले, यांच्या हातून बसला कधी ओरखडा गेला नाही. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरबद्दल साहेब हेच बोलायचे. पण याच्या बाबतीत ते खरं होतं, आणि तिथेच पंचाईत झाली. बाकीचे टाळ्या घेऊन घरी गेले आणि विसरले. हा ते वाक्य घेऊन घरी आला.

तशी तिची त्याच्या गाडीशी ओळख त्याच्या ओळखीच्याही आधीची. तिचं कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि तिला बस लागायची. पिशवीत लिंबू आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन ती बसमध्ये चढायची. एका सकाळी कॉलेज आलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की लिंबू पिशवीतच आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिने ड्रायव्हर कोण ते पाहून ठेवलं आणि त्याच्याच बसची वाट बघू लागली, मग पहिलं लेक्चर बुडालं तरी बेहत्तर. वळणावर तो गाडी अशी काही घ्यायचा की मांडीवरचं पुस्तक जागचं हलायचं नाही. पुढे लग्नाचा विषय निघाला तेव्हा तिचे वडील म्हणाले, "एवढं शिकवलं ते काय ड्रायव्हरच्या घरी जाण्यासाठी?" ती म्हणाली, "बाबा, मला त्याच्या बसमध्ये मळमळत नाही." वडिलांना हे कारण काही पटलं नाही. मुलगा बघायचा म्हणून ते एकदा मुद्दाम त्याच्या बसमध्ये बसले, दुसऱ्या थांब्याला त्यांचा डोळा लागला, तो थेट शेवटच्या थांब्यावर उघडला. घरी येऊन म्हणाले, "ठीक आहे."

निवृत्तीनंतर त्याने एका डॉक्टरची जुनी निळी गाडी घेतली. सुरू करण्याआधी तो तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचा, चारही चाकांना बुटाच्या टोकाने ढोसायचा, आरसे पुसायचा आणि मग एवढी तयारी करून कोपऱ्यावरून पाव आणायला जायचा.

गाडी आली आणि पाठोपाठ मांजरं आली. खरं तर मांजरं आधीपासूनच होती. शेजारी शिवणकाम करणारी बाई राहते, सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणते. ती खिडकीत मशीन ठेवून शिवते आणि उरलंसुरलं मांजरांना घालते. आधी जेवण झालं की मांजरं कुठेकुठे पांगायची. आता जेवण झाल्यावर गरम बॉनेट होतं. एक काळी, दोन पांढऱ्या, एक ठिपक्यांची आणि एक तुटक्या कानाचा बोका. त्यांच्या पावलांचे मातीचे ठसे काचेवरून टपावर, टपावरून डिकीवर. वायपरचं रबर कुरतडलेलं. टपावर नखांच्या बारीक रेघा. चाकांवर बोक्याने केलेली कामगिरी तर वासावरूनच कळायची.

नवरा त्यांना 'पासवाले' म्हणायचा. रोज येतात, तिकीट काढत नाहीत आणि जागा पकडून बसतात. तो टेलरबाईंकडे तक्रार घेऊन गेला.

"बाई, तुमची मांजरं माझ्या टपावर बसतात."

"माझी कुठली हो काका? माझ्याकडे नुसती जेवतात. राहायला तुमच्याकडेच असतात."

"मग जेवायला घालू नका."

"बरं. मग रात्रभर तुमच्या टपावर उपाशी रडतील. चालेल?"

हे त्याला चालण्यासारखं नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. संत्र्याच्या साली बॉनेटवर ठेवल्या. मांजरांनी त्या पायाने सारल्या आणि बसली. व्हिनेगर फवारलं, त्याने मांजरं गेली नाहीत, टेलरबाईंचं गिऱ्हाईक मात्र नाक धरून परत गेलं. प्लॅस्टिकचा साप आणला, ठिपकीने तो तोंडात धरून टेलरबाईंच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला आणि टेलरबाई मशीनवर चढल्या. शेवटी त्याने जाड कापडाचं गाडीचं कव्हर आणलं. मांजरांना गाडी आवडत होतीच, गाडीला पांघरूण मिळाल्यावर काळीने त्याच्या घडीत चार पिल्लं घातली. पिल्लांचे डोळे उघडून, ती चालायला लागून टेलरबाईंच्या गिऱ्हाइकांकडे जाईपर्यंत गाडी हलली नाही. तेवढे दिवस नवरा बसने बाजारात जायचा आणि घरी येऊन नव्या ड्रायव्हरांचा उद्धार करायचा. "क्लच पायाखाली घेऊनच बसतात लेकाचे. पाय ठेवायचं स्टूल आहे का ते?"

एक गोष्ट मात्र तिने बघून ठेवली. इतका वैतागला तरी बॉनेटवर थाप मारल्याशिवाय त्याने किल्ली कधी फिरवली नाही. मांजरं उबेला इंजिनात शिरतात हे त्याला ठाऊक होतं. "चला, उतरा, शेवटचा स्टॉप," म्हणायचा, थांबायचा, खाली वाकून बघायचा, आणि मग बसायचा.

अखेर उपाय सापडला तो त्याच्या जुन्या कंडक्टरमुळे. दोघांनी एका बसवर इतकी वर्षं काढली होती की अजूनही एकमेकांकडे न बघता बोलायचे, एक पुढे बघून, एक मागे. कंडक्टर चहाला आला, बॉनेटवरचे पाच पासवाले त्याने पाहिले आणि म्हणाला, "अरे, उभ्याने कोण जाईल? सीट दे ना त्यांना."

चार दिवसांनी तो टेम्पोत घालून बसची एक जुनी सीट घेऊन आला. डेपोच्या भंगारातली, दोघांची, हिरव्या रेक्झिनची, खालून स्प्रिंग डोकावणारी. ती उन्हाच्या भिंतीला टेकवून ठेवली. टेलरबाईंनी चिंध्या भरून तिला खोळ शिवली. बॉनेट तासाभरात गार व्हायचं, सीटवर ऊन दुपारभर राहायचं. मांजरांनी आठवड्यात विचार पक्का केला. काळी खिडकीकडच्या बाजूला, बाकीची दाटीवाटीने. बोका कुणाला विचारल्याशिवाय मधे.

"बघ, भांडण आहे का?" नवरा म्हणाला. "माणसाला बसायला मिळालं की तो कुणाच्या टपावर जात नाही."

सीट आणली त्या दिवशी कंडक्टर जाताना फाटकापाशी थांबला. ती गाडी आत घ्यायला नवऱ्याला मदत करत होती. ही त्यांची डेपोतली पद्धत होती: बस मागे घेताना कंडक्टर डाव्या अंगाला उभा राहतो आणि पत्र्यावर थाप मारतो. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत, नुसती थाप. गाडी आली तेव्हा नवऱ्याने हौसेने तिला हे शिकवलं होतं, आणि तिलाही ते आवडलं होतं. शाळेत भूगोल शिकवण्यात तिची सगळी नोकरी सरली, पण कुणी तिच्या एका थापेवर असं जागच्या जागी थांबलं नव्हतं.

"छान ठोकता हो वहिनी," कंडक्टर म्हणाला. "डावी बाजू कायम माझी होती. हा बघायचाच नाही तिकडे. मी म्हणायचो, मान दुखते का रे? तर म्हणायचा, तू आहेस ना."

ती हसली. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मांजरं गाडीवरून उतरली आणि मग गाडी खरी खराब व्हायला लागली.

आधी डावा आरसा आत मुडपलेला सापडला. मग मागच्या डाव्या दिव्याची काच तडकली. मग धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं म्हणून ती आठवडाभर तिच्याकडे राहून आली. परत आली तेव्हा डाव्या दारावर तो चार बोटांचा पट्टा होता. नवरा त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता, पंचनामा केल्यासारखा.

"ही आपली नव्हेत," तो म्हणाला. "आपली सीटवर बसतात. हा बाहेरगावचा बोका आहे."

"अहो, पण बोका एवढा..."

"तू पाहिलायस का त्याला?"

"नाही."

"मग?"

तो टेलरबाईंना घेऊन आला, त्यांनी असा कुणी बोका पाहिलाय का विचारायला. टेलरबाईंनी ओरखडा पाहिला. मग खांब पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. माप घेणाऱ्या बाईच्या नजरेतून उंची सुटत नाही.

"असेल काका," त्या म्हणाल्या. "हल्ली बाहेरचे फार येतात."

नवरा आत गेल्यावर त्या तिला हळूच म्हणाल्या, "काकू, बोका खांबाला रंग नाही लावत."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"मला वाटलंच. म्हटलं, एकदा बोलून मोकळं व्हावं." आणि त्या मशीनवर जाऊन बसल्या.

लेकीला फोनवर तिने स्वतःच सांगितलं होतं की मांजरांनी उच्छाद मांडलाय. आरशाच्या वेळी सांगितलं, दिव्याच्या वेळीही सांगितलं. लेक हसली होती. "बाबांना म्हणावं, तुमच्या गाडीला ओरखडा काढायची हिंमत फक्त मांजरातच आहे." हे तिने नवऱ्याला सांगितलं आणि तो दिवसभर खुशीत होता.

गुरुवारी तिने ठरवलं, आज ठोकायचं नाही.

तो पाव घेऊन आला. गाडी फाटकात आडवी लावली, मागे घ्यायला वळवली आणि थांबला. नेहमी ती मागच्या बाजूला उभी असते. आज ती पुढे आली, डाव्या दाराजवळ, खिडकीपासून हातभर अंतरावर. साडी पिवळी, खांबासारखीच, पण खांब काही इतका जवळ नव्हता. ती गप्प उभी राहिली.

त्याने उजव्या आरशात पाहिलं. डाव्या आरशाकडे तोंड वळवलं. मग डाव्या खिडकीकडे अर्धं वळवलं. त्याचा चेहरा तिच्यासमोर होता आणि त्यावर काहीच उमटलं नाही. बसची वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा.

"अगं," तो मोठ्याने म्हणाला, घराच्या दिशेने. "कुठे गेलीस?"

ती हलली नाही. तिला वाटलं, हा आता हसेल. म्हणेल, काय खांबासारखी उभी राहिलीस. ती त्या हसण्याची वाट बघत राहिली.

"अगं, ठोक ना!"

सीटवरच्या पांढरीने डोळा उघडून पाहिलं आणि मिटला. नवऱ्याने थोडी वाट पाहिली, पुटपुटला आणि गाडी मागे सोडली. मागचं डावं अंग खांबाकडे निघालं. तिने पुढे होऊन दारावर एक थाप मारली. गाडी थांबली. जागच्या जागी, धक्का न देता, शेजारच्या सीटवरचा पाव न हलता. पाय तेच होते. कान तेच होते.

"होतीस कुठे?" तो म्हणाला. आवाजाच्या दिशेने मान फिरवली, खांद्यासकट सगळं अंग फिरवलं, तेव्हा कुठे ती त्याला दिसली.

"आत होते. दूध उतू जात होतं."

"मग सांगून जायचं. ड्रायव्हरला असं मधे सोडून जातात का?"

तिने दोन थापा मारल्या आणि त्याने गाडी आत घेतली.

जेवताना तिने विषय काढला. "एकदा डोळे दाखवून येऊ या का? माझेही दाखवायचेत."

"तुझे दाखव. माझे दरवर्षी डेपोत बघायचे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो."

"तो तक्ता तुम्हाला पाठ होता. तुम्हीच सांगायचात."

"पाठ होता म्हणजे आधी दिसला होता ना?" तो पाव मोडत म्हणाला.

"बरं, शनिवारी मी येते स्टँडवर. डावीकडे बसते."

"डावीकडे छोटी बसणार. कबूल केलंय तिला." मग त्याचा चेहरा उजळला. "आणि या वेळी तुला सुट्टी. फाटकापाशी आलो की तिला खाली उतरवायची आणि मागे उभी करायची. छोटी ठोकणार. दोन म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब. फोनवर शिकवलंय. एकदम पाठ आहे तिला. परवा लेकीच्या फ्रीजवर ठोकत होती म्हणे."

तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

"चार वर्षांची आहे हो ती," ती म्हणाली.

"मग? यात काय लिहायवाचायला लागतं?"

तो आणखी काय काय बोलत होता. टोपी देऊ, शिट्टी देऊ, कंडक्टरकाकाची जुनी पिशवी मागून आणू. ती मान हलवत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर मागच्या चाकापेक्षा जेमतेम उंच असलेली एक पोर होती. पत्र्यावर ठोकायची. एक म्हणजे थांब की दोन म्हणजे थांब, हे ती तेवढ्यापुरतं विसरायची. किंवा विसरायची नाही, ठिपकी दिसली म्हणून खाली बसायची. थाप नाही म्हणून आजोबा थोडी वाट पाहायचे, पुटपुटायचे आणि गाडी मागे सोडायचे.

शुक्रवारी दुपारी तो गाडी धूत होता. पाहुणे यायचे म्हणून साबण लावून. ओरखड्यावरून त्याने फडकं दोनदा फिरवलं, मग थांबला आणि बोटांनी पट्टा चाचपला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू. ती खिडकीतून बघत होती. खांबाकडे त्याने पाहिलं नाही. हात पुसून पुन्हा चाकाला लागला. त्याला माहीत आहे की काय, असं तिच्या मनात आलं. आणि माहीत असेल तर बोका किती दिवस गावात राहणार, हे त्यानेच ठरवलं असणार.

कंडक्टरला सांगावं, हा पहिला विचार. पण तो शनिवारी येऊन मागे उभा राहील, हसत हसत ठोकेल आणि रविवारी घरी जाईल. डॉक्टरांना सांगून उपयोग नव्हता, आधी हा माणूस त्यांच्या खुर्चीत बसायला हवा. स्वतः किल्ली लपवावी? कालपासून तिने ती दोनदा खिळ्यावरून काढली होती आणि दोनदा परत अडकवली होती. या घरात किल्ली हरवत नाही, हे तिच्याइतकंच त्यालाही ठाऊक होतं.

राहिली लेक. गाडी तिला त्यानेच शिकवली होती. पहिल्यांदा तिने दुकानाची पायरी घासली, तेव्हा स्वतःच्या नवऱ्याच्याही आधी बापाला फोन केला होता, आणि बाप म्हणाला होता, "माणसाला लागलं का? नाही ना? मग गाडी बाजूला घे आणि पाणी पी." तिच्यापुढे तो किल्ली ठेवेल. रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, पण ठेवेल. फक्त त्यासाठी लेकीला आज सगळं सांगायला हवं, मांजरांचं जे जे सांगितलं ते सगळं मागे घेऊन. लेक हसायची थांबेल. ज्या बापाच्या गाडीला ओरखडा काढायची हिंमत फक्त मांजरात होती, तो बाप आजच्या फोननंतर तिच्यासाठी उरणार नव्हता.

बाहेर बादली उलटी झाल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज, मांजरांना उद्देशून, "सरका, सरका, पाणी येतंय."

तिने खिडकी लावून घेतली. कॉटवर बसली, फोन मांडीवर घेतला. पहिलं वाक्य तिने मनात जुळवून पाहिलं. उद्या स्टँडवरून टॅक्सी करा आणि छोटीला तुझ्या मांडीवर घेऊन बस, का ते आता सांगते. हे लांब वाटलं. मग दुसरं जुळवलं: बाबांना डावीकडचं दिसत नाही. हे फार थोडं वाटलं, पण यात काही खोटं नव्हतं.

तिने नंबर लावला.